बोटावरची शाई

"सर, कुठं मतदान करून आले?" स्टाफरूममध्ये गणिताच्या मॅडमनी विचारलं आणि मी उगाचच हात टेबलाखाली घेतला. 2019 चा जानेवारी, लोकसभेचं इलेक्शन अजून अडीच-तीन महिने लांब, आणि माझ्या डाव्या तर्जनीवर मार्करची काळी खूण. मतदानाची नाही, हत्तीरोगाच्या गोळ्यांची. त्या वर्षी नागपूर जिल्ह्यात दोनाऐवजी तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली होती, आणि आदल्या संध्याकाळी आमच्या लेआउटमध्ये आशाताई आल्या होत्या, सोबत रजिस्टर घेतलेली एक कॉलेजची पोरगी. दारातच त्यांनी मला भिंतीला टेकून उभं केलं, पट्टे मारलेली एक काठी शेजारी धरली, आणि उंचीप्रमाणे आयव्हरमेक्टिनच्या चार, वयाप्रमाणे डीईसीच्या तीन, वर चघळायची एक अल्बेंडाझोल अशा आठ गोळ्या तळहातावर मोजून ठेवल्या. जेवण झालं का विचारलं, झालं म्हटल्यावर म्हणाल्या, "मग समोरच घ्या जी सर. नंतर घेतो म्हणणारे कोणी घेत नाही." मी चघळायची तोंडात टाकली, गोडसर, खडूसारखी. तेवढ्यात समोरच्यांचा कुत्रा भुंकायला लागला, त्या वळल्या, मी मान मागं टाकून पाण्याचा मोठा घोट घेतला, अगदी गॅदरिंगच्या नाटकातल्यासारखा, आणि सात गोळ्या शर्टाच्या खिशात. "झालं?" "झालं." त्यांनी माझं बोट धरून खूण केली. त्यांचा हात गार पडला होता, थंडीचे दिवस आणि बाई दुपारपासून दारोदार फिरत होती.

मी बारावीला बायोलॉजी शिकवतो.

म्हणजे हे सगळं कळत असताना केलं. दर वर्षी तो धडा येतो, पुस्तकात सुजलेल्या पायाचा फोटो आहे, पोरं तोंड वाकडं करतात, एक-दोन जण हसतात, आणि मी वुचेरेरियाचं, म्हणजे हत्तीरोगाच्या जंताचं, स्पेलिंग फळ्यावर लिहून घेतो कारण नीटला तेवढंच विचारतात. फोटोतला पाय कुणाच्या तरी आजीचा असेल हे मी कधी बोललो नाही. माझ्या आजीचा होता. डावा, गुडघ्यापासून खाली. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव, घरामागं नाली, नालीच्या पलीकडं गोठा, आणि आजीचा तो पाय खाटेवरून खाली सोडलेला, कातडी जाड, घड्या पडलेली, जुन्या चिंचेच्या खोडासारखी. घड्यांच्या आतला वास मला अजून आठवतो, ओल्या पोत्याचा असतो तसा थोडा आंबूस. ती रोज संध्याकाळी कडुलिंबाचा पाला टाकून उकळलेल्या पाण्यानं पाय धुवायची, प्रत्येक घडी बोटानं उघडून, मग जुन्या लुगड्याच्या फडक्यानं टिपायची. अमावस्या-पुनवेला ताप भरायचा असं ती म्हणायची (तिथीचा आणि तापाचा खरंच संबंध असेल असं मला वाटत नाही, पण तिचा हिशेब पक्का होता), जांघेत अवधाण यायचं, पाय लालभडक, आणि दोन दिवस ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. आम्ही पोरं बघत उभे राहिलो की म्हणायची, "काऊन रे, भेव वाटते काय माया पायाचं?" आम्ही नाही म्हणायचो. वाटायचं.

मग ते रात्रीचे लोक यायचे. फायलेरिया ऑफिसचे, सायकलवर, नऊ-दहा वाजता, गाव झोपल्यावर. या जंतांची पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि मध्यरात्रीच्या आसपास बाहेरच्या रक्तात येतात, नेमका क्युलेक्स डास चावायच्या वेळेला, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की गाढ झोपेत कुणीतरी बोट धरतंय, टॉर्चचा उजेड डोळ्यावर, काहीतरी टोचलं, आणि काचपट्टीवर रक्ताचे थेंब गोल-गोल पसरवणारा एक माणूस, ज्याच्या तोंडाला तंबाखूचा वास. लाकडी पेटीत पट्ट्या उभ्या लावून ते पुढच्या घरी जायचे. एकदा निकाल आला आणि घरात गोंधळ उडाला. आजीच्या रक्तात काहीच नाही. आणि काकाच्या रक्तात जंत. काका म्हणजे घरातला सगळ्यात धडधाकट माणूस, पहाटे उठून जोर मारणारा, पन्नास किलोचं पोतं एका हिसक्यात पाठीवर घेणारा, त्याला साधा सर्दी-खोकला झालेला कुणी बघितला नव्हता. आजी खाटेवरूनच म्हणाली, "रोग माया पायात, अन् किडे याच्या रक्तात! काय तपासून राह्यले हे लोक?"

काकाला बारा दिवसांच्या गोळ्या दिल्या. पहिली घेतली त्या रात्री तो फणफणला, कधी न बघितलेला ताप, अंगभर खाज, डोकं धरून बसला. सकाळी उठून त्यानं उरलेल्या गोळ्या उकिरड्यात फेकल्या आणि चांगल्या माणसाला आजारी पाडायचा सरकारी धंदा आहे असं सगळ्या गावाला सांगत फिरला. गावानं ऐकलं. पुढच्या वेळी टॉर्चवाले आले तेव्हा अर्ध्या घरांची दारं उघडलीच नाहीत.

आजीचा तो प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं नुसता पडून होता. बीएस्सीला असताना आमच्या कॉलेजची एक सहल सेवाग्रामला गेली, सकाळी बापूकुटी, दुपारी मेडिकल कॉलेजची बायोकेमिस्ट्रीची लॅब. तिथं डॉ. हरिनाथ आणि त्यांच्या माणसांनी बरीच वर्षं याच जंतावर काम केलं होतं, आणि त्यांची अडचण अशी होती की हा जंत उंदीर-सशात वाढतच नाही. त्याला माणूसच लागतो. मोठे जंत माणसाच्या लसीकावाहिन्यांत गुंडाळी करून बसलेले, ते बाहेर कुठून काढणार? हाताशी येतात फक्त त्यांची पिल्लं, मायक्रोफायलेरिया, तीही रात्रीच्या रक्तातून. मग या लोकांनी काय केलं, तर रक्त देणाऱ्या माणसांकडून रात्री रक्त घेतलं, त्यातली पिल्लं वेगळी केली, पोषक द्रवात जिवंत ठेवली, आणि ती त्या द्रवात जे काही सोडतात ते गोळा केलं. एक्सक्रिटरी-सिक्रिटरी प्रोटीन्स. मी वर्गात सांगताना म्हणतो, थुंकी, शी, शू, घाम, जे काय म्हणाल ते सगळं एकत्र. पोरं हसतात, पण मुद्दा खरा आहे, जंत अख्खा पकडून त्याची चटणी वाटण्यापेक्षा तो जिवंतपणी काय सोडतो ते बघणं जास्त उपयोगाचं, कारण माणसाच्या शरीराला तेच दिसत असतं, वर्षानुवर्षं, रोज.

त्या दिवशी मायक्रोस्कोपखाली मी पहिल्यांदा जिवंत मायक्रोफायलेरिया बघितला. पाव मिलिमीटरच्या आसपास, पण त्या गोल उजेडात तो एखाद्या चाबकासारखा वळवळत होता, आणि आजूबाजूच्या लाल पेशी धक्के खाऊन बाजूला सरकत होत्या, जत्रेत बैल उधळल्यावर माणसं सरकतात तशा. अंगावर एक पातळ पिशवी, मापापेक्षा मोठी, मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखी, डोक्यापुढं आणि शेपटीमागं लोंबणारी. मला किळस यायला हवी होती. आली नाही. मी डोळा हलवेना तेव्हा मागच्यानं पाठीत कोपर मारलं.

आणि दुसरी गोष्ट बघितली ती निळा रंग जाताना. माणसाच्या रक्तात या प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी आहेत का हे बघायची त्यांची टेस्ट होती, प्लास्टिकच्या काडीला चिकटवलेला पडद्याचा छोटासा तुकडा, त्यावर जंताचं प्रोटीन, ती काडी पेशंटच्या सीरममध्ये बुडवायची, धुवायची, मग एन्झाइम जोडलेल्या दुसऱ्या अँटीबॉडीत, पुन्हा धुवायची, आणि शेवटी स्टार्च-आयोडीनच्या निळ्या पाण्यात. एन्झाइम पेनिसिलिनेज. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून जो निळा-काळा रंग आणतो ना आपण, तोच निळा. त्या पाण्यात पेनिसिलिनही असतं, एन्झाइम ते तोडतं, तुटलेलं पेनिसिलिन आयोडीन खाऊन टाकतं, आणि रंग उडतो. बाकी सगळ्या टेस्टमध्ये रंग आला की पॉझिटिव्ह, इथं गेला की पॉझिटिव्ह. दोन नळ्या शेजारी-शेजारी होत्या, एक निळीच राहिली, दुसरी बघता-बघता फिकी होत स्वच्छ पाण्यासारखी झाली, आणि तिथला माणूस सहज म्हणाला, याला झालेलंय. कधी झालं, मी विचारलं. तो म्हणाला, ते ही नळी सांगत नाही.

ते ही नळी सांगत नाही.

त्याच दुपारी मी आजीच्या प्रश्नाबद्दल विचारलं, जरा लाजतच, म्हणजे घरातली गोष्ट आहे असं न सांगता, "एखाद्या पेशंटचा" म्हणून. आणि कळलं की आजी नमुनेदार केस होती आणि काकाही. ज्यांच्या रक्तात पिल्लं मजेत फिरत असतात ती माणसं बहुतेक वेळा वरून ठणठणीत असतात, कारण त्यांच्या शरीरानं या पाहुण्याबद्दल गप्प राहायचं ठरवलेलं असतं, आणि ते गप्प राहावं म्हणून जंत आपल्या त्या सोडलेल्या प्रोटीन्सनी सतत प्रयत्न करत असतो. गप्प म्हणजे अँटीबॉडी नाहीतच असं नाही, भरपूर असतात, पण आयजीजी-4 नावाच्या, आणि या बिनकामाच्या सज्जन. लग्नात तिरसट मामाला तोंड उघडायची संधी मिळू नये म्हणून त्याच्या खुर्चीवर आधीच एखादा गोड बोलणारा भाऊजी बसवून ठेवतात, तसं हे आयजीजी-4 त्या जागा अडवून बसतं. मामा म्हणजे आयजीई, भांडकुदळ जातीची अँटीबॉडी, तो बसला की ताट फेकलंच समजा. आणि ज्यांचे पाय सुजतात त्यांच्यात बरेचदा एकही पिल्लू सापडत नाही, कारण तिथं शरीर भांडलेलं असतं. त्या पिल्लांच्या अंगावरच्या ढगळ पिशवीविरुद्धच्या अँटीबॉडीसुद्धा अशाच लोकांत सापडतात ज्यांच्या रक्तात पिल्लं नाहीत. अर्थात सूज नुसत्या भांडणानं येत नाही, मोठे जंत वाहिन्या खराब करतात, मेले की जास्त, मग कातडीच्या भेगांतून साधे बॅक्टेरिया शिरतात, ताप येतो, प्रत्येक तापाला पाय थोडा आणखी जाड होतो, आणि म्हणून रोज घडी-घडी उघडून पाय धुणं हेच त्यातलं सगळ्यात मोठं औषध. जे आजी कुणी न सांगता करत होती.

काकाचा ताप पण तेव्हाच कळला. गोळीनं रक्तातली पिल्लं एकदम मरतात, मेली की त्यांच्या पोटातलं सगळं बाहेर सांडतं, आणि इतकी वर्षं गप्प बसवलेलं शरीर एका रात्रीत जागं होतं. म्हणजे ताप आला हीच गोळी लागू पडल्याची खूण. ज्याच्या रक्तात काही नाही त्याला सहसा तसं काही होत नाही. मी घरी जाऊन काकाला हे समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे मी बिमार नव्हतो तवा बिमार होतो, अन् बिमार पडलो तवा चांगला होऊन राह्यलो होतो? वा रे तुहं कॉलेज."

याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

आता आशाताईंना का फसवलं ते सांगतो, कारण "आपल्याला काय होतंय, सिमेंटचे रस्ते, जाळीच्या खिडक्या" हे मी बायकोला सांगितलं ते खरं नव्हतं. आमच्या लेआउटमधल्या निम्म्या घरांच्या सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी नाही, क्युलेक्सला त्यापेक्षा चांगली जागा कुठली, हे मीच सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा टाकलेलं. खरं कारण मी त्या आठवड्यात जे वाचत होतो त्यात होतं. डास चावतो तेव्हा जंताची पिल्लं सुईतून टोचल्यासारखी आत जात नाहीत, ती डासाच्या सोंडेवरून आपल्या कातडीवर थेंबभर ओलाव्यात पडतात आणि चाव्याच्या भोकातून स्वतः सरपटत आत शिरतात. ही तिसऱ्या अवस्थेची अळी, एल-थ्री. डासात असतानाच तिनं अन्ननलिकेतल्या ग्रंथींत प्रोटीनचा साठा करून ठेवलेला असतो, आत शिरल्या-शिरल्या तो सोडते. एका चाव्यानं रोग होत नाही, शेकडो-हजारो चावे लागतात. पण रोग झाला नाही तरी शरीर त्या अळीची नोंद घेऊन ठेवतं. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या लोकांनी 2012 च्या सुमारास याच अळीचं डब्ल्यूबी-123 नावाचं एक प्रोटीन धरून अँटीबॉडीची टेस्ट बनवली. तिचा मोठा उपयोग कुठं, तर लहान मुलांत. गावाला वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या, आता रोग गेला असं वाटतंय, तर सहा-सात वर्षांची पोरं तपासा. गोळ्यांनंतर जन्मलेल्या पोराच्या रक्तात ही अँटीबॉडी असायचं काही कारण नाही. असली तर त्या पोराला रोग झालाय असं नाही, पण गावातला डास अजून ओझं वाहतोय. पोराच्या बोटातलं रक्त अख्ख्या गावाची चुगली करतं.

आणि मी सहा-सात वर्षांचा असताना काकाच्या शेजारी झोपायचो. उन्हाळ्यात अंगणात, एकाच मोठ्या खाटेवर, नाली वीस पावलांवर. काकाच्या रक्तात जे फिरत होतं ते पिऊन डास गेला आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा आला तर पहिला मीच होतो. म्हणजे माझ्यात ती नोंद असणार, जवळजवळ नक्कीच. जंत स्वतः पाच-सात वर्षं जगतो, गाव सोडून मला तीस वर्षं झाली, हिशेबानं आत काही उरलेलं असणं शक्य नाही, हे मी कुणालाही फळ्यावर मांडून दाखवेन. पण त्या संध्याकाळी सात गोळ्या हातात असताना मला एकदम वाटलं की रात्री ताप आला तर? नागपूरनंच नवीन काही दिलेलं असलं तर? काचपट्टी नको, नळी नको, काही नको, नुसता ताप आला की रिझल्ट. आणि मला तो रिझल्ट नको होता. आजीचा खाटेवरून खाली सोडलेला तो पाय एवढाच डोळ्यासमोर होता.

शाई मात्र बोटावरून जाईना. गणिताच्या मॅडमनंतर प्यूननं विचारलं, मग एका पोरीनं वर्गात, "सर, तुम्ही घेतल्या? कशा लागतात?" मी म्हटलं गोड. एक तर गोड होतीच.

आठवड्यानं आशाताई पुन्हा आल्या, शेजारच्या घरातले लोक त्या दिवशी बाहेरगावी होते म्हणून. मी गेटशी उभा राहून बघत होतो, मग न ठरवता हाक मारली. म्हटलं ताई, मी त्या दिवशी घेतल्या नव्हत्या. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा फक्त दमल्यासारखा झाला. रजिस्टर उघडून बघितलं. "तुमचं तर लिहून झालं न सर. नवीन देता नाही येत मले, हिशोब चुकते. त्या आहेत का फेकल्या?" होत्या. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या पिनांच्या डब्यात, शर्ट धुवायला जाताना काढून ठेवलेल्या. दोन चपात्या खाल्ल्या, आलो, आणि फाटकाशी उभं राहून एकेक गोळी घेतली, त्या मोजत होत्या, तोंडातल्या तोंडात, एक, दोन, लहान पोराला मोजतात तसं. सात झाल्यावर मी बोट पुढं केलं. त्या म्हणाल्या, "खूण आहे की," आणि पुढच्या गेटकडं गेल्या.

त्या रात्री मी थर्मामीटर उशाशी घेऊन झोपलो. अकराला लावला, 98.4. साडेबाराला डोकं जरा जड वाटलं, लावला, तेवढाच. बायको कुशीवर वळून म्हणाली, "काय शोधून राहिले तुम्ही?" काही नाही म्हटलं. आला नाही याचा आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल, पण मी आपला पायावरून हात फिरवत होतो, काहीतरी राहून गेल्यासारखा. दोनला पुन्हा लावला. 98.2. काकाला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, नाहीतर सकाळी फोन करून सांगितलं असतं.